औषधवाल्यांची इंटरनॅशनल संघटना, मुक्काम पोस्ट इंदूर

"तुमच्या ऑफिसात दिवसभर चालतं तरी काय?" असं मला सगळे विचारतात. औषध बनवणाऱ्या कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर गंभीर चेहरे येतात. असतातही ते गंभीर, मीटिंग सुरू होईपर्यंत! एका देशाचे नियम दुसऱ्या देशातल्या कारखानदारांना समजावून सांगायचे, हे आमचं काम. त्यात मधल्यामधे जे सांडतं, ते आम्ही चहाबरोबर गोळा करतो. आमचे सचिव खांडेकर साहेब म्हणतात, "औषधाला एक्स्पायरी असते, किश्श्याला नसते."

* * *

ऑनलाइन मीटिंग चालली होती. जर्मनीचे एक गृहस्थ औषधांच्या शुद्धतेवर अगदी पोटतिडकीने बोलत होते. आमचे इथल्या सांवेर रोडवरचे कारखानदार मेंबर जैनजी स्वतःचा माइक बंद करायला विसरले होते.

एकदम आवाज आला, "अरे भिया, पोहे पे जीरावन और डाल ना!"

पोह्यांवर भुरभुरायचा आमचा इंदुरी मसाला थेट जर्मनीत पोचला. जर्मन गृहस्थ थांबले. चष्मा सारखा करून त्यांनी विचारलं, "हे जीरावन तुम्ही कुठल्या औषधात वापरता?"

खांडेकर साहेब शांतपणे म्हणाले, "सगळ्याच. पण फक्त इंदुरात!"

* * *

याच जैनजींच्या फॅक्टरीत परदेशी पाहुणे आले. जैनजी नव्या सुटात, कपाळाला टिळा, गळ्यात झेंडूचा हार. तसेच ते पाहुण्यांना घेऊन थेट गोळ्या बनतात त्या खोलीच्या दाराशी! तिथे टोपी, गाऊन, बूटकव्हर घातल्याशिवाय कोणाला प्रवेश नाही. क्वालिटीच्या सक्सेना मॅडम दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"मॅडम, मालिक हूँ मैं!"

"बाहर मालिक हो सर. अंदर आप धूल हो!"

पाहुण्यांनी याचा अर्थ विचारला. जैनजींनी हार काढता काढता तो स्वतःच सांगितला, आणि वर म्हणाले, "देखा? ऐसी क्वालिटी है अपनी!"

* * *

इंदुरात जो तो दुसऱ्याला 'भिया' म्हणतो, म्हणजे भाऊ. मीटिंगची रेकॉर्डिंगं ऐकून परदेशातल्या मुख्यालयात वृत्तांत लिहितात. एकदा तिथून मेल आला: "तुमचे मिस्टर भिया फार अनुभवी दिसतात. प्रत्येक विषयावर सगळे त्यांनाच विचारतात. मग ते कॅमेऱ्यासमोर का येत नाहीत? त्यांना कमिटीवर घ्यावं असं आम्हाला वाटतं."

मी घाबरत विचारलं, "साहेब, काय उत्तर देऊ?"

"लिहा, भिया बिझी आहेत. पूर्ण शहर सांभाळतात!"

* * *

एका ब्राझीलच्या पाहुण्याचं पोट बिघडलं. त्यानेच कचोऱ्यांवर आडवा हात मारला होता, दोष कोणाला देणार? बातमी पसरली, आणि प्रत्येक मेंबर आपापल्या कंपनीची गोळी घेऊन हॉटेलात हजर! टेबलावर दुकान मांडलं गेलं. बिचारा गोळ्यांकडे बघूनच अर्धा झाला.

शेवटी खांडेकर वहिनींनी घरून हिंग-जिऱ्याचं ताक पाठवलं. संध्याकाळी गडी हसत खाली उतरला आणि म्हणाला, "याचं पेटंट कोणाकडे आहे?"

"आमच्या सासूबाईंकडे," साहेब म्हणाले, "पण त्या लायसन्स देत नाहीत!"

* * *

आता पागे बंधूंचं सांगते. दोघे सख्खे भाऊ, दोघेही आमचे मेंबर. वडिलांच्या मागे कारखान्याची वाटणी झाली. थोरले सांवेर रोडला राहिले, धाकट्यांनी हातोदकडे नवा प्लांट टाकला. तेव्हापासून बोलणं बंद. लग्नकार्यातसुद्धा एक आला की दुसरा निघायचा.

एका बेटावरच्या देशात वादळ झालं, आणि तिथला औषधांचा कारखानाच पाण्यात गेला. तिथल्या मेंबर मरियम मॅडमचा फोन आला. लहान मुलांना फिट येते त्याचं सिरप संपत आलं होतं. सिरप थोरल्यांकडे तयार होतं, पण भरायला बाटल्या नव्हत्या. बाटल्या होत्या धाकट्यांकडे!

खांडेकर साहेबांनी दोघांना आमच्या ऑफिसात एकाच टेबलाशी बसवलं. समोर स्क्रीनवर मरियम मॅडम.

थोरले इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, यांना विचारा, बाटल्या कधी मिळतील?"

धाकटे म्हणाले, "मॅडम, यांना सांगा, आजच."

हातभर अंतरावर बसलेली दोन माणसं समुद्रापलीकडून बोलत होती! मरियम मॅडम बिचाऱ्या एकदा याचं त्याला, एकदा त्याचं याला सांगून थकल्या. साहेब हळूच उठून बाहेर गेले.

आणि मरियम मॅडम स्क्रीनवरून गायब झाल्या. नेटवर्क गेलं!

दोघे स्क्रीनकडे बघत बसले. मी कोपऱ्यात उभी.

शेवटी थोरले टेबलाकडे बघत म्हणाले, "झाकणं मुलांना उघडता येणार नाहीत अशी लागतील."

"आहेत," धाकटे म्हणाले. मग खुर्ची वळवून, "पाठवतो, दादा."

थोरल्यांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, आणि तो परत लावायचं विसरून गेले. मग लेबलचं निघालं, ट्रकचं निघालं, धाकट्यांच्या बीपीचंसुद्धा निघालं.

तेवढ्यात साहेब दारात आले. धाकट्यांनी विचारलं, "साहेब, नेटवर्क कधी येईल?"

साहेबांनी हातातली राउटरची वायर पाठीमागे नेली.

"काय सांगता येतं! तुमचं चालू द्या."