कॉरीबाईंचे भाडेकरू

आमच्या न्हावा शेव्याच्या ऑफिसात दुपारी डबे उघडले की कुणीतरी हमखास म्हणतं, "नझीर, हॉलंडचं सांग ना!" मी म्हणतो, "सगळं सांगून झालंय, आता जेवा." आणि पहिला घास तोंडात जायच्या आत मलाच काहीतरी नवीन आठवतं. दोन वर्षं राहिलो तिकडे. त्यातली निम्मी आश्चर्याने तोंड उघडं ठेवूनच काढली, मग किस्से साठणारच की!

तिकडे आम्ही दोघं होतो, मी आणि दिनेश. मी श्रीवर्धनचा, घरात मासळीचा धंदा. दिनेश तळे गावचा, भातशेतीवाला. कंपनीने आम्हाला रॉटरडॅमच्या ऑफिसात पाठवलं. शहरात घर मिळेना, म्हणून तासाभरावरच्या एका खेड्यात भाड्याने घेतलं. गर्द झाडी, कालवा, गाई, आणि शांतता इतकी की दिनेश पहिल्याच दिवशी म्हणाला, "नझीर, इथे कोणी वारलंय का रे?"

मी तेव्हा सडाफटिंग, मला कसलीच घाई नव्हती. दिनेशला होती. त्याची बायको प्राजक्ता आणि अडीच वर्षांची ओवी तळ्याला होत्या. त्यांना आणायचं तर घरमालकाची लेखी परवानगी हवी, आणि करारात स्पष्ट लिहिलेलं, 'दोन माणसं, पुढचं सहा महिन्यांनी बघू.' ओवीला बाप म्हणजे मोबाइलच वाटायचा. व्हिडिओ कॉल संपला की ती फोनला पांघरुणात गुंडाळायची आणि म्हणायची, "पप्पाला झोपवलं!" मी हसायचो. दिनेश मात्र करार काढून तीच ओळ पुन्हा वाचायचा.

* * *

घरमालकीण कॉरीबाई, वय पंच्याहत्तरच्या पुढे, नवरा वारलेला. भिंतीला भिंत लागून शेजारीच राहायच्या. त्यांनी किल्ली दिली, आम्ही दोन बॅगा घेऊन आत शिरलो आणि गारच पडलो. घरात फरशी नाही! खाली नुसतं खरबरीत सिमेंट, छतातून वायरी लोंबतायत, एक बल्ब नाही.

"चोरी झाली रे!" दिनेश कुजबुजला.

मी धावत शेजारी गेलो. "बाई, घरातली फरशी कुठाय?"

"आधीचा भाडेकरू घेऊन गेला," बाई शांतपणे म्हणाल्या. "त्याने लाकडी बसवून घेतली होती. त्याचीच होती ना ती!"

"आणि दिवे?"

"तेही त्याचेच."

तिथे म्हणे अशीच पद्धत आहे. भाडेकरू येताना फरशी आणतो, जाताना उचलून नेतो! माझे अब्बा कुवेतला वीस वर्षं एका खोलीत आठ जणांत राहिले, पण पायाखाली फरशी होती हो! दिनेशने वर छताकडे बघितलं आणि म्हणाला, "नशीब, छप्पर बाईंचं होतं!"

* * *

फरशी आली, मग आम्ही जाड पडदे आणले. रस्त्याच्या बाजूला भिंतभर काच. कोणीही जावं आणि आमच्या ताटात बघावं, असं कसं चालेल? पडदे ओढून घेतले आणि निवांत झालो.

तिसऱ्या दिवशी बेल वाजली. कॉरीबाई.

"कोणी आजारी आहे का?"

"नाही, बाई."

"मग पडदे का बंद?"

"लोकांना दिसतं ना सगळं," मी म्हटलं.

बाईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "तुम्ही असं काय करता, जे लोकांनी बघू नये?"

पडदे उघडले. संध्याकाळी आम्ही आमटीभात हाताने कालवतोय, आणि बाहेरून कुत्रं फिरवणारा एकेक जण जाताना हात वर करतोय! दिनेशने डावा हात हलवून हलवून दुखवून घेतला. म्हणाला, "प्राजक्ताला बघायला आम्ही गेलो होतो, तेव्हा तीसुद्धा एवढी लाजली नव्हती!"

* * *

एकदा बाईंनी कॉफीला बोलावलं. भिंतीपलीकडे राहणारी बाई, डायरी उघडून तारीख देते तीन आठवड्यांनंतरची! सकाळी दहा वाजताची!

दिनेशने त्या दिवशी नाश्ता केला नाही. म्हणाला, "पहिल्यांदा जातोय, काहीतरी असणारच." बाईंनी कॉफी ठेवली, पत्र्याचा डबा उघडला. आत बिस्किटं, वर जाड लोणी-साखरेचा थर. डबा आधी माझ्यापुढे, मग दिनेशपुढे धरला. आता आपल्याकडची रीत तुम्हाला सांगायला नको. पहिल्या वेळी कोणी घेतं का? दिनेश हात जोडून म्हणाला, "नको नको!"

"बरं," बाई म्हणाल्या, आणि झाकण लावलं.

आग्रह नाही, 'घ्या हो' नाही, काही नाही! त्यानंतर सव्वा तास दिनेश त्या डब्याकडे बघत बसला होता. मी मात्र हुशारीने एक उचललं होतं. घरी आल्यावर त्याने त्याची चव कशी होती ते मला तीनदा विचारलं.

* * *

पुढचा पराक्रम माझा. तो सांगताना अजून मान खाली जाते.

जून महिना होता आणि ऊन रात्री दहापर्यंत हटत नव्हतं. असं ऊन वाया जाताना कोकणातल्या माणसाला बघवतं का? बाजारात ताजे बांगडे स्वस्त मिळाले. चाळीस आणले, चिरले, मीठ चोळलं. मागची बाग आमची आणि बाईंची एकच, तिथे छत्रीसारखी उघडणारी कपडे वाळवायची दोरी. कपड्यांचे चिमटे लावून सगळे बांगडे ओळीने टांगले आणि ऑफिसला निघून गेलो.

संध्याकाळी परतलो तर रस्त्यावर माणसं! त्या गावात मी एकदम पाच माणसं एकत्र कधी पाहिली नव्हती, त्या दिवशी वीस होती. आकाशात पांढऱ्या समुद्रपक्ष्यांचा गलका, कुंपणावर मांजरं, आणि बागेत कॉरीबाई हातात झाडू घेऊन उभ्या.

"मिस्टर नझीर, हे काय आहे?"

"बाई, सुके बांगडे. म्हणजे होतील सुके. हिवाळ्यासाठी."

बाईंनी दोरीच्या दुसऱ्या बाजूकडे बोट दाखवलं. तिकडे त्यांची पांढरी चादर होती. सकाळी पांढरी होती. आता तिच्यावर पक्ष्यांनी जे करायचं ते केलं होतं.

मी चार वेळा माफी मागितली, चादर धुऊन दिली, नवीही आणून दिली. बाईंनी दोन्ही चादरी घडी करून आत नेल्या. भडकला तो दिनेश. दार लावून घेतलं आणि म्हणाला, "तुझ्या बांगड्यांपायी माझी पोरगी यायची न्हाय!" एवढा शुद्ध बोलणारा माणूस, रागात थेट तळ्याच्या बोलीवर आला. तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याचं काहीच चुकलं नव्हतं, आणि मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

* * *

सहा महिने भरत आले आणि एक पाकीट पोस्टाने आलं. वर तिकीट, शिक्का, सगळं. पाठवणार कोण? कॉरीबाई! भिंतीपलीकडून भिंतीअलीकडे, पोस्टाने! आत एकच ओळ होती, 'रविवारी सकाळी साडेदहाला येते. कराराबद्दल बोलायचं आहे.'

दिनेशच्या तोंडचं पाणी पळालं. मला म्हणाला, "संपलं. पत्र लिहून कळवलंय म्हणजे घर सोडा असंच असणार."

मग आम्ही गुन्ह्यांची यादी केली. पडदे झाले, बांगडे झाले, आणि तिसरा गुन्हा खुद्द दिनेशचा निघाला. दर रविवारी सकाळी दहाला तो तळ्याला आईला फोन लावायचा. घरात रेंज जेमतेम, आवाज तुटायचा, म्हणून बागेत उभा राहायचा. तळ्यातही रेंजची बोंब, म्हणून माऊली तिकडून ओरडायची, हा इकडून. फोन स्पीकरवर. "आये, भात लावून झाला काय?" "व्हय रं! तू जेवलास का न्हाय?" असा अर्धा तास, पाखराचा आवाजही ऐकू येईल अशा गावात! बाई त्या वेळी बागेतच खुर्ची टाकून बसलेल्या असायच्या, आमच्याकडे पाठ करून. एकदाही तक्रार केली नाही. त्याचीच जास्त भीती वाटायची.

त्या रविवारी दिनेशने फर्मान काढलं. फोन नाही, फोडणी नाही, खुर्ची ओढायची नाही. खिडक्या बंद करून आम्ही दोघं मोजे घालून सोफ्यावर बसलो. दहा वाजले. दिनेशचा फोन दोनदा थरथरला, त्याने तो उशीखाली दाबला.

दहा वाजून दहा मिनिटांनी बेल वाजली. वीस मिनिटं आधी! कॉफीला तीन आठवडे आधी तारीख देणारी बाई वीस मिनिटं आधी! मी दार उघडलं. बाई घरातल्या सपाता घालून, धापा टाकत उभ्या. हातात कागद.

"आई कुठे आहे?"

दिनेश ताडकन उठला. "कोणाची?"

"तुमची! दहा वाजून गेले. बागेत कोणी नाही. ती बरी आहे ना?"

"बरी आहे. म्हटलं, तुम्हाला त्रास नको."

"फोन लावा," बाई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.

दिनेश बागेत गेला, बाई उठून मागोमाग गेल्या, मीही गेलो. तिकडून पहिल्या रिंगलाच आवाज आला, "आरं मेल्या, कुठं हायस? मगापास्नं जीव टांगणीला लागलाय माझा!" बाई मध्येच "हॅलो!" म्हणाल्या. "आन् तिथं कोन हाय?"

"आये, घरमालकीण हाय."

मग दुप्पट जोराने, "तिला इचार, माझी सून नि नात कवा येऊ दे म्हनते?"

मी दिनेशचा पाय दाबला, नको म्हणून. त्याने ऐकलं नाही. त्याने शब्द न् शब्द इंग्रजीत सांगितला. बाईंनी हातातला कागद माझ्याकडे दिला.

नवा करार. माणसं चार. खाली बाईंची सही, तारीख शुक्रवारची. मी कागद दिनेशला दिला. त्याने वाचला आणि भिंतीकडे तोंड करून लहान पोरासारखा रडला. फोनमधून आई ओरडतच होती, "काय झालं रं? बोल की!"

टाइप केलेल्या अटी तेरा होत्या. चौदावी बाईंनी निळ्या पेनने हाताने लिहिली होती:

'रविवारचा दहाचा फोन बागेतच करावा. आवाज कमी करू नये.'