कापसाच्या खोलीतली शेगडी

त्या हिवाळ्यात भाव पडलेला, म्हणून कापूस न विकता आम्ही घरातच छतापर्यंत रचला. त्याच खोलीत दम्यानं बेजार आई झोपायची. तिच्यासाठी मी दिग्रसहून विजेची शेगडी आणली. प्लग नव्हता, मी मोठ्या इंजिनिअरच्या ऐटीत वायरची उघडी टोकं आगपेटीच्या काड्यांनी सॉकेटात खोचू लागलो.

आईनं हात धरला. "येडा झाला काय बाप्पा? ठिणगी उडाली तं घर जाईन."

"अन् तुले थंडी वाजते तं?"

"मले गोधडी हाय. कापसाले कोन हाय?"

भाव चढलाच नाही. संक्रांतीआधी आई गेली. तेरवीनंतर कापूस मिळेल त्या भावात विकला. त्या संध्याकाळी रिकाम्या खोलीत बाबा म्हणाले, "आता लाव शेगडी. भेव नाही."

प्लग बसवून लावली. आम्ही दोघंच शेकत बसलो.