पत्र्याची आतली बाजू

गेरू भिजवला की त्या वासासरशी मला टाळेबंदीतली ती दुपार आठवते. मन खचलेल्या बायकांसाठी धुळ्यात आम्ही चालवत असलेला चित्रांचा वर्ग बंद पडला होता, म्हणून मी एकेकीला फोन लावून घरीच चित्रं काढायला सांगत होते. शिंदखेड्याकडच्या एका अक्कांची गल्ली तर पत्रे ठोकून बंद केली होती आणि त्यांचा नवरा जाऊन आठच दिवस झाले होते. "कागद नही, रंग नही," अक्का पुटपुटल्या. "तुळशीच्या ओट्याला लावता तो गेरू आहे ना? आणि समोर एवढा मोठा पत्रा आहे!" मी चिडूनच बोलले. दुसऱ्या दिवशी आम्ही फोनवर असतानाच पत्रे तपासायला आलेला माणूस ओरडला, "सरकारी पत्रा आहे, पुसा ते! सुतकात कसली चित्रं काढता?" त्यावर अक्कांचा आवाज मी पहिल्यांदाच एवढा मोठा ऐकला. "पत्रा तुमना शे, पन आतली बाजू आमनी शे. हात तं लाई दखा!" पुढे बाकीचे पत्रे निघाले, तो एक अक्कांनी जाऊ दिला नाही. आज तो आमच्या वर्गात भिंतीला टेकून उभा आहे, त्यावर गेरूने काढलेली नवऱ्याची सायकल आहे, आणि कोणी तो परत मागायला आलंच तर अक्कांचं उत्तर मला तोंडपाठ आहे.