कुंदाची डिझेल पिकअप

मैत्रिणींनो, आज दुपारपासून मी जळते आहे, आणि तेही एका पिकअप गाडीवरून!

कॉन्व्हेंटमध्ये माझ्याच बाकावर बसणारी, माझ्याबरोबर कागदाच्या होड्या करणारी कुंदा आता नवऱ्यासोबत तलावात मासे पाळते. बोट ट्रॉलीवर ओढून न्यायला त्यांना गाडी हवी होती. आज वर्ध्याच्या शोरूममध्ये ती मलाही घेऊन गेली.

भाऊजींनी, म्हणजे कुंदाच्या नवऱ्याने, तिथल्या सीएनजी आणि डिझेल अशा दोन्ही गाड्या पाहिल्या आणि ते तिच्याकडे वळले. "सांग वं, सीएनजी घेऊ का डिझेल?"

"बोट काठावर वर ओढाची हाय. चढावर सीएनजी दम टाकते. डिझेलच घ्या."

"पण सीएनजी स्वस्त पडते ना!"

"मंग धक्का माराले तुम्हीच उतरजा!"

भाऊजी खळखळून हसले आणि डिझेल ठरली. इतकं सोपं! गाडी राहू दे, मला त्या 'सांग वं'चा हेवा वाटला.

घरी येऊन मी यांना सहज विचारलं, "आपली पुढची गाडी मी निवडू का?"

टीव्हीवरची नजर न काढता हे म्हणाले, "तू आरतीचं ताट तयार ठेवजो, बाकी मी पाहतो."

आमच्या दारात आलेली प्रत्येक गाडी मीच ओवाळली आहे. तुम्हाला गाडी घेण्याआधी कधी कोणी विचारलं का गं? खरं सांगा.