तुळशीरामच्या डोहातली पाणमांजरं

दिवस कलला की अडाण नदीच्या डोहातून एक काळंभोर, ओलं डोकं वर यायचं, मिशांवरचे थेंब तांबूस उन्हात लकाकायचे, आणि काठावर जाळं सांधत बसलेला तुळशीराम भोई मान वर न करताच म्हणायचा, "आली पाहा आपली वाटेकरीण." ती पाणमांजराची मादी. मागोमाग तिचा नर... दोघं मिळून मासे काठाकडे हाकलत, आपलं पोट भरत आणि उरलेले तुळशीरामच्या जाळ्यात शिरत. त्याची मुलगी गोदी माझी मैत्रीण. ओल्या सुताचा, शेवाळाचा, मरळ माशांचा वास तिच्या परकराला कायम बिलगलेला असे.

दुष्काळाच्या साली विहिरी खोदायला सुरुंगाचे तोटे गावोगाव आले होते. पुढच्या उन्हाळ्यात त्यातलेच उरलेले घेऊन गावातली तरणी माणसं डोहावर आली. तुळशीराम आडवा गेला.

"माशाईची पिल्लं हायेत रे पान्यात! कायले मारून राह्यले?"

"डोह काय तुह्या नावावर हाये?" त्यांतला एक हसला.

जमिनीच्या पोटातून यावा तसा दबका आवाज झाला, पाणी खांबासारखं उठलं, आणि मग सगळा डोह पांढऱ्या पोटांनी भरून गेला. लोक टोपल्या घेऊन धावले. बोटाएवढी पिल्लं कुणी उचलली नाहीत. ती कावळ्यांसाठी तशीच तरंगत राहिली. त्या सांजेला घराघरातून जवसाच्या तेलाचा आणि माशांच्या रश्श्याचा वास दरवळला... आमच्याही.

पावसाळ्यात नदी दुथडी वाहिली. पण हिवाळ्यात तुळशीरामचं जाळं नुसती पानं घेऊन वर येऊ लागलं. कामरगावच्या बाजारात गोदीची आई रिकाम्या पाटीशी बसू लागली. बिळात असल्याने सुरुंगातून वाचलेली पाणमांजरं आता भुकेने जाळंच फाडत. "मारून टाका त्याईले," ती नवऱ्याला रडत म्हणाली. तो फाटलेलं सांधत राहिला.

एका सकाळी मादीच जाळ्यात गुंतून, गुदमरून मेलेली सापडली. तुळशीरामने एकेक धागा सोडवला, जणू तिला दुखेल. मग तिला वाळूवर ठेवलं. "तिले बी भूकच लागली होती ना, पोरी," तो मला म्हणाला. पुढे कित्येक सांजा पलीकडच्या काठावरून नराची बारीक शीळ ऐकू येत होती — आणि मग तीही थांबली.

होळीच्या आधी ते कुटुंब वीटभट्टीच्या कामावर गेलं. गोदी बैलगाडीतून पाय लोंबकळवत बसली होती. तिने हात हलवला नाही, मीही नाही.

परवा माहेरी गेले तेव्हा डोहात एक तरुण मच्छरदाणीच्या कापडाने मासे गाळत होता. चिमूटभर, काचेसारखी पारदर्शक पिल्लं. न राहवून म्हटलं, "बाबा, बारके आहेत रे, सोड ना."

त्याने माझ्याकडे नवलाने पाहिलं. "मावशी, मोठे राह्यलेच कुठं?"

मी मग परत फिरले.