सरस आणि माजींच्या पोथ्या

ये गं कुसुम, अशी जवळ सरक. दहाव्यानंतर इकडे फिरकली नाहीस, आणि यावलला बसून सांगत सुटलीस की नानानं, तुझ्या बापानं, जिभेपायी घर बुडवलं! म्हणून पेपरच्या पुरवणीत लिहितेय, सगळ्यांसमोर. माझा धाकटा भाऊ होता तो. तो गेल्याची तार हातात पडली तेव्हा मी कणीक मळत होते... तशाच हातांनी उंबऱ्यात बसले.

तरुणपणी तो मुंबईत जुनं फ्रेंच फर्निचर दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात शिकला. कागदासारखे पातळ लाकडी काप चिकटवून दारांवर फुलं उमटवायची, ही तिथलीच कला. धुळ्यात त्याला ‘फ्रेंच मिस्त्री’च म्हणत. त्याची बहुतेक कामं मारवाडी गल्लीतली. तिथल्याच एका जैन घरच्या माजींनी, म्हणजे घरातल्या थोरल्या सासूबाईंनी, एकोणीसशे साठच्या दशकात पोथ्यांसाठी कपाट सांगितलं. पावसाळाभर तो त्यांच्या ओसरीवर राबला. सरस तेवढा घरून शिजवून न्यायचा, वास सुटतो म्हणून. जनावराच्या कातड्याचा सरस, आणि त्यावर जैनांच्या पोथ्या... ध्यानातच आलं नाही गं त्याच्या! सुताराला सरस म्हणजे खिळ्यासारखाच, रोजचा.

पोथ्या ठेवायच्या दिवशी मी माहेरी होते, त्याचा डबा घेऊन गेले. माजी कपाटाच्या दारावरून हात फिरवत म्हणाल्या, “मिस्त्री, ही फुलं कशानं चिकटवली?”

त्यांच्या मागून मुलगा नुसते ओठ हलवून सांगत होता, डिंक, डिंक! सुना पोथ्या छातीशी धरून उभ्या. मी मनात म्हणतेय, बोल रे बाबा, डिंक म्हण...

“सरसानं, माजी. जनावराचा असतो. मला आधी सुचलंच नाही.”

चटका बसावा तसा माजींनी हात मागे घेतला. “उचला,” एवढंच म्हणाल्या.

कपाट लादलेल्या हातगाडीमागून चालताना तो म्हणाला, “अक्का, बठ्ठं गयं. सगळं गेलं.”

मी चिडले. “मग डिंक म्हणायला काय झालं होतं?”

“आणि माजी रोज त्या कपाटापुढे हात जोडणार?”

गल्लीनं त्याला पुन्हा बोलावलं नाही. पुढे सोनगीरकडच्या बैलगाड्या दुरुस्त करूनच त्यानं तुम्हाला वाढवलं. हाल झाले, नाही कशी म्हणू?

पण दहाव्याला कोपऱ्यात एक म्हातारी टेकून बसली होती ना, जिला तू पाणीही विचारलं नाहीस? त्याच माजी. जाताना माझा हात धरून म्हणाल्या, “माझा मुलगा खोटं बोलायला लावत होता, मला दिसत होतं. तुझा भाऊ खोटं बोलला नाही.”

कपाट माझ्याकडे जळगावला आहे. फुलं कशी जोडलीत, ते बोट फिरवून बघ एकदा. ये लवकर, पोरांनाही आण.