बिनदोऱ्याची मशीन

“मास्तर, दोरा परत महागला. तुमी शिलाई काहून वाढवत न्हाई?” खांद्यावरची पेटी टेकवत दोरेवाला विचारत होता.

“कुणावर वाढवू? ह्या तीन मशिनींवर?”

मी ड्रेसचं कापड घेऊन दाराशी उभी होते.

वसमतच्या बसस्टँडमागे मास्तरांचं लेडीज टेलरिंगचं दुकान. मशिनी चार, चालू एकच. तरी रोज सकाळी ते उरलेल्या तिन्हींना तेल देत आणि दोरा न ओवता थोडा वेळ चालवत. “बसून राहिली की जाम होती, माणसासारखी.” कापडाविना चालणाऱ्या मशीनची खडखड रस्त्यावरही ऐकू येई.

पूर्वी लग्नसराईत चारही मशिनी धडधडत, तेव्हा मास्तर बेधडक शिलाई वाढवत, कारागिरांची मजुरीही वाढवत. “आज हात रिकामा न्हाई, आज माझा भाव!” पावसाळ्यात काम थंडावलं की शिलाई आपोआप खाली येई. कॉलेजात माझ्या अर्थशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकात हेच निघालं : माणसं, मशिनी रिकाम्या असल्या की महागाईही दमाने घेते. परीक्षेत उत्तर लिहिताना डोळ्यांसमोर मास्तरच होते.

मग बाजार बसला. बायका तयार ड्रेस घेऊ लागल्या, कारागीर पुण्याला गेले. हात रिकामे, पण दोरा, अस्तर, वीज, भाडं चढतच राहिलं. शिलाई वाढवावी तर उरलेली गिऱ्हाइकं जातील, न वाढवावी तर दुकान.

“तुह्या पुस्तकात ह्याचं काय लिहिलंय, लेकरा?” त्यांनी एकदा विचारलं होतं.

लिहिलेलं होतं. बाहेरून आलेली महागाई कुणाचे हात रिकामे आहेत ते बघत नाही. पण ते त्यांना सांगून काय होणार होतं? मी खाली पडलेली बॉबिन उचलून दिली.

मास्तरांनी एकच रीळ घेतलं, तशी दोरेवाला पेटी उचलून गेला. मास्तरांनी माझं कापड टेबलावर पसरलं.

“मशिनींना गिऱ्हाईक मिळालं. तुहा ड्रेस झाला की चारी विकून टाकतो, मग शटर बंद.” ते हसले. “आधी पंधरा पंधरा दिवस चकरा मारायला लावायचो न तुला? आता बघ, संध्याकाळीच घेऊन जा.”

ते दोरा ओवू लागले. दोरा दोनदा सुईच्या बाजूने गेला.

बोलायचं ते मी नेहमी गिळते. त्या दिवशी मात्र मी म्हणाले, “मास्तर, मला घाई नाही. दिवाळीला दिलात तरी चालेल.”